वीस पावलांची वायर

पाय वायरीत अडकला आणि ती पडता पडता वाचली, इथून ही गोष्ट सुरू होते. काखेत आलेख-कागदांची भेंडोळी, डोक्यावर पिवळी छत्री, वरून रिपरिप पाऊस... आणि गिरणीच्या आवारात काल संध्याकाळपर्यंत नसलेली एक करडी वायर, बरोब्बर घोट्याच्या उंचीवर.

"अहो, ओढू नका... माझी वायर आहे ती," वरून आवाज आला.

तिनं छत्री मागे केली. समोरच्या नव्या इमारतीत पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक तरुण अर्धाअधिक बाहेर आला होता. चष्म्यावर पाणी, हातात पक्कड.

"आणि हा माझा पाय आहे," ती म्हणाली. "आधी कुणाला सोडवायचं?"

"पायाला," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "पण वायर मुडपू नका हं."

पहिल्याच भेटीत कुणी असं बोललं तर खरं म्हणजे राग यायला हवा. तिला हसू आलं. वायर अलगद सोडवून तिनं बाजूला ठेवली, आणि खिडकीतल्या माणसानं असा सुस्कारा सोडला की त्याचा जीव जणू त्या वायरीतच होता.

ती त्या विणाईच्या गिरणीत नक्षी काढायची. कापडाची नक्षी म्हणजे चौकोनांचा खेळ. चौकोनात ठिपका असला की उभा धागा वर, नसला की खाली. सात वर्षं ती हेच ठिपके मांडत आली होती, आधी कागदावर आणि मग संगणकावर. मागावरची माणसं तिला ठिपकेबाई म्हणत. तो संगणकाच्या कंपनीनं आठवड्यापुरता पाठवलेला. दुपारच्या चहापर्यंत सगळी गिरणी त्याला वायरवाला म्हणू लागली होती. दोघांची खरी नावं हजेरीच्या वहीतच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, वायर कशाला? तर त्या काळी संगणक म्हणजे नव्या जावयासारखा प्रकार होता. त्याला वेगळी खोली, वेगळा पंखा, वर झाकायला फुलाफुलांचं कापड. तिच्या खोलीतल्या जुन्या संगणकाच्या पोटात तिच्या तीनशे बारा नक्ष्या होत्या. कागदावरच्या मूळ प्रती दोन पावसाळ्यांपूर्वी कपाट गळून लगदा झाल्या होत्या. फ्लॉपीची तबकडी घालायची फट मेलेली. आणि शनिवारी दुपारी बारा वाजता ती जुनी खोली पाडायची म्हणून संगणक भंगारात जाणार, हे साहेबांनी सहीनिशी ठरवलेलं. नक्ष्या बाहेर काढायला एकच वाट उरली होती... पाठीमागची पंचवीस भोकांची खोबण. तिच्यातून वायर आवारातून समोरच्या नव्या संगणकाला न्यायची, वीस पावलं. दोन्ही संगणक एकाच घराण्यातले, युनिक्स नावाच्या प्रणालीच्या. एक थोरला, एक धाकटा. बोलायला अडचण नको होती.

पण घोडं अडलंच.

मंगळवारी वायर जोडली, आणि दोन्ही पडद्यांवर अक्षरांचा नुसता पूर लोटला. आतले फोन आधीच नव्या इमारतीत हलवलेले, म्हणून तो पावसात धावत तिच्या खोलीत आला. तिच्या खांद्यावरून पडदा बघताना त्याच्या केसांतलं पाणी तिच्या कागदावर टपकलं. तो ओशाळला. तिनं ब्लॉटिंग पेपर पुढे केला.

"काय बिघडलंय?" तिनं विचारलं.

"काहीच नाही. दोघंही फार सभ्य आहेत, एवढंच." त्यानं चष्मा पुसला. "कुणी दाराशी आलं की यंत्र आधी विचारतं, आपण कोण? तुमच्या यंत्रानं माझ्या यंत्राला विचारलं. माझ्याला वाटलं, हा प्रश्न म्हणजेच आलेल्याचं नाव. ते म्हणालं, या नावाचं इथं कुणी नाही... आपण कोण? मग तुमचं म्हणालं, या नावाचं इथंही कुणी नाही—"

"आणि असं किती वेळ चालणार?"

"वीज जाईपर्यंत."

तिला हसू आवरेना. "म्हणजे विचारताहेत दोघंही, आणि सांगत कुणीच नाही."

"एकानं विचारणं थांबवायला हवं."

"कुणी?"

"ते..." तो तिच्याकडे बघत राहिला, मग घाईनं पडद्याकडे वळला. "ते उद्या ठरवू. वहीत लिहून सही घेतल्याशिवाय कुठल्याच यंत्राला हात लावायचा नाही, साहेबांचा हुकूम आहे."

तो गेला. आणि तिनं जाड पुस्तक उघडून तासभर वाचलं, हवी ती ओळ शोधली, आणि आपल्या म्हाताऱ्या यंत्राचा प्रश्न गुपचूप बंद करून टाकला. वहीत न लिहिता. कारण सकाळीच तिनं साहेबांना त्या बिचाऱ्याला दटावताना ऐकलं होतं, नव्या यंत्रात काडीचाही बदल झाला तर तुमच्या कंपनीला कळवीन म्हणून. ते त्याच्या अंगाशी येण्यापेक्षा आपलंच यंत्र गप्प केलेलं बरं, असा साधा हिशेब. आता उद्या तिनं इकडून हाक दिली की त्याचं यंत्र विचारेल, हे नाव सांगेल, झालं काम. त्याला आयतंच दिसेल.

बुधवारी सकाळी वायरीतून चकार शब्द आला नाही.

त्यानं तिकडून हाक दिली, इकडे सामसूम. तिनं इकडून दिली, तिकडे सामसूम. एकजण प्रयत्न करी तेव्हा दुसरा अगदी हात मांडीवर ठेवून बसे, मध्ये लुडबूड नको म्हणून. खिडकीतून खुणा ठरल्या होत्या. छत्री उघडली की सुरू करा, मिटली की थांबा. दिवसभर पिवळी छत्री उघडत-मिटत राहिली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, ठिपकेबाईंना पावसाचा अंदाज येत नाहीये.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती महत्त्वाची आहे. शंभर माग एकदम चालतात तिथे माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. म्हणून मागावरची माणसं ओठांनी बोलतात. शब्द तोंडात नुसते घडवायचे, समोरचा पार त्या टोकावरून वाचतो. तिचे बाबा चाळीस वर्षं मागावर होते, त्यांचे कान कामातून गेलेले. आत्याही तिथलीच. त्यांच्या घरात भांडणंसुद्धा बिनआवाजाची होत. ती चालायच्या आधी ओठ वाचायला शिकली होती, असं आत्या म्हणे.

आणि वायरवाल्याला काम करताना स्वतःशी पुटपुटायची सवय होती.

वीस पावलांवरची खिडकी, दिव्याचा उजेड बरोब्बर तोंडावर. तिनं मुद्दाम काही केलं नाही. डोळे मिटून थोडंच बसता येतं? बुधवारी दुपारी पंचवीस टाचण्यांचा जोड उघडून तो एकेक तार तपासत होता, आणि ओठ चालूच. 'ओल आली असणार... नाही, ही ठीक आहे... ती सात वर्षं ठिपके मांडतेय आणि माझ्या एका वायरीपायी सगळं जायचं. ही पण ठीक... हसली की गालावरचा पेन्सिलीचा डाग दुमडतो तिचा.'

तिनं हातातला रूळ खाली ठेवला. कोपऱ्यातल्या आरशात जाऊन बघितलं. डाग होता. चांगला अंगठ्याएवढा. सात वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तो खसखसा पुसला आणि जागेवर येऊन साळसूदपणे छत्री उघडली.

गुरुवारी त्यानं जोड पुन्हा डाख देऊन बसवला, मग अख्खी वायर बदलली. ठणठणाट. तो विचारायला तिच्या खोलीत आला, टेबलाशी घुटमळला.

"तुमच्या बाजूला काही... म्हणजे, काही बदललं तर नाही ना?"

आता सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण दारात साहेब उभे होते, बगलेत वही. "नाही," ती म्हणाली. "आणि तुमच्या?"

त्यानंही साहेबांकडे पाहिलं. "छे. मी कशाला हात लावतोय."

परत खिडकीत जाऊन बसला, आणि वायर सोलता सोलता ओठ हलले. 'आज डाग नाही. चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय.'

तिला त्या दिवशी एक नक्षी धड जमली नाही.

त्या दुपारी बाबा डबा घेऊन आले होते आणि पाऊस थांबेपर्यंत तिच्या खिडकीशी बसून होते. रात्री जेवताना ते आपल्या त्या घडीव, बिनआवाजी बोलण्यात म्हणाले, "तो वायरवाला एकटाच बडबडतो."

तिचा घास हातात राहिला. "मग?"

"मग काही नाही. मुलगा बरा आहे." बाबांनी वरण पुढे ओढलं. "उद्या जाताना पेन्सिल घेऊन जा. तुझी बोथट झाली असेल."

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. ठिपकेबाई काही ताटातून मान वर करीनात.

शुक्रवार उजाडला. उद्या बारा वाजता सगळं संपणार होतं. तीनशे बारा नक्ष्या म्हणजे तिच्या विशीतली सगळी वर्षं. आई गेली त्या महिन्यात काढलेली पानांची जाळी त्यातच होती, पहिल्यांदा मागावर चढलेली चौकट त्यातच होती. गालाला पेन्सिलीचा डाग मात्र होता. तो तिनं घरूनच आरशात बघून लावला होता, हे आपल्यातच ठेवा.

नऊ वाजता तो खिडकीत आला. रात्री झोपला नसावा. वायरीचं टोक हातात घेऊन नुसता बघत बसला. आणि मग ओठ हलले, अगदी सावकाश, स्वतःलाच हिशेब दिल्यासारखे.

'माझ्या बाजूचा प्रश्न मी मंगळवारीच बंद केलाय. वहीत न लिहिता. तिच्या म्हाताऱ्याला हात लावला आणि तो बसला तर तिचं सगळंच जाईल, म्हणून. मग आता त्यानं विचारायला हवं, आपण कोण... तो विचारत का नाही?'

ती खुर्चीतून उठली आणि परत बसली. हात्तिच्या. त्यानं तिच्यासाठी आपलं यंत्र गप्प केलं होतं, तिनं त्याच्यासाठी आपलं. तीन दिवस दोन मुकी यंत्रं समोरासमोर बसली होती, आणि हे दोघे वायरीला दोष देत पावसात भिजत होते.

जाऊन सांगावं? पण तो विचारेल, तुम्हाला कसं कळलं? मग ओठांचं सांगावं लागेल. आणि मग त्याला आठवेल, आठवडाभर आपण काय काय बोललो ते... ती कानापर्यंत लाल झाली. तिनं पुस्तकातली ती ओळ काढली, आपल्या यंत्राचा प्रश्न पुन्हा सुरू केला, आणि छत्री उघडली.

मिनिटभरात तो छत्रीबित्री न घेता आवार ओलांडून धावत आला. "विचारलं. तुमच्या यंत्रानं विचारलं, आपण कोण."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"नाव सांगितलं. घेतलं त्यानं आत." तो धापा टाकत होता, आणि हसत होता. "काय केलंत तुम्ही?"

"मी? मी कुठे काय केलं. वायर वाळली असेल."

"पावसात?"

"तुम्ही डाख चांगला दिलात," ती गंभीरपणे म्हणाली. त्याची नजर तिच्या गालावर गेली, तिथेच थबकली, आणि तो परत गेला.

नक्ष्या निघाल्या. एकेका नक्षीला दीड-दोन मिनिटं. त्यानं तिला आपल्या पडद्यावर बघायला बोलावलं. फुल्या आणि टिंबांच्या ओळी एकाखाली एक उमटत होत्या आणि हळूहळू त्यांची जाळी होत होती, पानं, लाटा. आज बोटाच्या टोकानं हजार चित्रं इकडून तिकडे जातात आणि कुणी वळून बघत नाही. त्या दोघांनी तेव्हा एकेक ओळ येताना बघितली.

"इथे चुकलंय का काही?" त्यानं एका नक्षीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "एक ठिपका जास्त दिसतोय."

"माझी पहिली आहे ती. पुसायचा राहून गेला."

"राहू दे. हा असला की तुमचीच आहे हे कळतं." मग तो एकदम कळफलकावर वाकला.

शुक्रवारी सहाला इमारत बंद होईपर्यंत दोनशे चाळीस झाल्या. शनिवारी साडेअकराला शेवटची पोचली. त्यानं खिडकीतून दोन्ही हात वर केले. तिचा जीव भांड्यात पडला... आणि लगेच तिचं लक्ष बाहेर गेलं. फाटकाशी भंगाराचा ट्रक येऊन उभा होता. वायरवाल्याची पेटी भरून दाराशी ठेवलेली दिसत होती. एकची गाडी होती त्याला.

तो पेटीकडे गेला नाही. खिडकीत येऊन पाठीवर हात बांधून उभा राहिला, आणि पुटपुटायला लागला.

'नमस्कार. आपली हरकत नसेल तर मी आपल्याला अधूनमधून पत्र...' त्यानं मान हलवली. 'नको. अर्ज वाटतोय.'

ती टेबलाची कड धरून बसली होती.

'मला जायचं नाहीये.' या खेपेला ओठ हळू हलले. 'मी दर रविवारी आलो तर... तुम्ही भेटाल? वायरीचं काही काम नसलं तरी?' तो थांबला. कपाळावर आठ्या. मग तिसऱ्यांदा, भराभर, 'बाई, पुढं काही अडचण आली तर कंपनीला कळवा.' खांदे पडले. 'हेच बरं. हेच बोलून निघू.'

आणि त्यानं वायर काढायला हात पुढे केला.

वायर निघाली असती तर सगळंच निघालं असतं. तिची बोटं कळांवर गेली. तिच्या यंत्रात तो अजून आत होता, त्याच्या पडद्यावर दोन शब्द पाठवायला कितीसा वेळ. त्या काळच्या पडद्याला मराठी अक्षरं येत नसत, तिनं ते शब्द इंग्रजी अक्षरांत कसेबसे बसवले.

'तिसरं नको. दुसरं विचारा.'

त्याचा हात हवेत थांबला. त्यानं पडदा वाचला. पुन्हा वाचला. मग सावकाश मान वर करून तिच्या खिडकीकडे पाहिलं.

तिनं आणखी एक ओळ पाठवली. 'आमच्याकडे सगळ्यांना ओठ वाचता येतात.'

त्यानं झटकन तळहात तोंडावर दाबला. वीस पावलांवरून तिला त्याचे कान लाल होताना दिसले. बहुधा बुधवार, गुरुवार, शुक्रवार, सगळे दिवस त्याच्या डोळ्यांपुढून जात असावेत. मग तोंडावरचा हात न काढता त्यानं एका बोटानं टकटक केली. तिच्या पडद्यावर आलं, 'डाग पण?'

'मुद्दाम लावला,' तिनं लिहिलं. 'आणि माझ्या बाजूचं मीही मंगळवारीच बंद केलं होतं. तुमच्यासाठी.'

जिन्यावर भंगारवाल्यांची पावलं वाजायला लागली होती. त्यानं तोंडावरचा हात काढला, खिडकी सताड उघडली, आणि आवाज न करता, एकेक शब्द नीट घडवत, दुसरं विचारलं.

तिनंही आवाज केला नाही. पण तिचं उत्तर इतकं छोटं होतं आणि तिनं ते इतकं ठसठशीत घडवलं की आयुष्यात पहिल्यांदाच ओठ वाचणाऱ्यालाही ते वाचता आलं.

भंगारवाल्यांनी संगणक उचलला तेव्हा वायर जोडलेलीच होती. ती ताणली गेली, समोरच्या खिडकीपर्यंत. "बाई, ही कुणाची?" एकानं विचारलं. "आमची आहे," ती म्हणाली, आणि स्वतःच्या हातानं सोडवून घेतली. एकची गाडी त्याच्याशिवाय गेली.

या सगळ्याला आता कितीतरी वर्षं झाली. ती खोली नाही, ते आवार नाही, तिथे गाड्या उभ्या असतात. बाबांनी जावयाला ओठ वाचायला शिकवलं. त्याला चांगली दोन वर्षं लागली. बाबा सगळ्यांना सांगायचे की माणूस गुणी आहे पण ढ आहे. ती करडी वायर घरातल्या खणात आहे, आणि खण आवरताना ती टाकू का, असं विचारायची मुलांची छाती होत नाही.

अलीकडे त्याला ऐकू कमी येतं. मागाशिवाय, नुसत्या वयानं. डॉक्टरांनी यंत्र सुचवलं, त्यानं कानावर हात ठेवले. गरजच काय? सकाळी चहाच्या टेबलावर ती नुसते ओठ हलवते आणि त्याला शब्दन् शब्द कळतो. ती अजून त्याला वायरवाले म्हणते. स्वतःशी पुटपुटायची त्याची सवय गेली नाही. फक्त हल्ली तिच्याविषयी काही असलं की तो आधी तोंडावर हात धरतो.

परवा विसरला. खिडकीशी उभा होता, बाहेर पाऊस, उजेड तोंडावर. ती भाजी निवडत होती. त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, परत बाहेर बघितलं, आणि ओठ हलले. 'चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय.'

तिनं भाजीची परडी खाली ठेवली, हात पदराला पुसले, आणि खण उघडून वायरीखाली पेन्सिल शोधायला लागली.